पुजाऱ्याचा काटा तीन दातांचाच हवा

देवाच्या घरात चिकटलात ना? अभिनंदन! आता आधी एक चांगला काटा घ्या. तीन दातांचा. प्राचीन इस्राएलातल्या शिलो या देवस्थानाचे पुजारी बंधू हफनी आणि फिनहास हाच वापरत, बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तशी नोंदच आहे.

भक्त यज्ञबळी घेऊन येतो, मांस हंड्यात रटरटू लागतं. नेमका तेव्हा तुमचा चाकर तिथे पोचला पाहिजे. (स्वतः जाऊ नका, बरं दिसत नाही.) त्यानं काटा खुपसायचा, वर येईल ते तुमचं. नियमशास्त्रानं, म्हणजे देवाच्या कायद्यानं, पुजाऱ्याला ऊर आणि उजवी मांडी दिलेलीच आहे. पण काट्याला कुठे वाचता येतं?

हात बसला की शिजायचीही वाट बघू नका. चरबी वेदीवर जाळायची असते, ती देवाची. त्याआधीच निरोप धाडा: पुजारीबुवांना शिजलेलं चालत नाही, कच्चं द्या, भाजायचंय. भक्त गयावया करेल, ‘आधी चरबी तरी जळू द्या, मग हवं तेवढं न्या.’ म्हणजे देवाच्या वाट्याची काळजी भक्ताला, पुजाऱ्याला नाही! चाकरानं एवढंच म्हणायचं, ‘आत्ता देतोस की हिसकावून घेऊ?’

दर्शनमंडपाच्या दारात सेवा करणाऱ्या स्त्रियांशी हे दोघे कसे वागले, ते मी सांगत नाही. सगळ्या इस्राएलाला ठाऊक होतं.

काट्याइतकाच महत्त्वाचा बाप. तो या भावांच्या बापासारखा, एलीसारखा निवडावा. मुख्य पुजारी, चाळीस वर्षं इस्राएलाचा न्याय करणारा, डोळे अधू. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी घडी बसली की चिंता नाही. पोरांना तो रागावला हो! ‘बाळांनो, तुमच्याबद्दल कानावर येतं ते बरं नाही.’ पण पदावरून काढलं नाही. ‘तुम्ही सगळे माझ्या लोकांच्या अर्पणातल्या उत्तम भागावर लठ्ठ होता,’ असा देवाचा निरोप आला तो त्याच्याच नावे. पुढे हाच निवाडा देवानं रात्री हाक मारून एलीच्या हाताखालच्या शमुवेल नावाच्या पोराला ऐकवला. पोरांचं काय एवढं मनावर घ्यायचं!

फारच अंगाशी आलं, शत्रूंशी, म्हणजे पलिष्ट्यांशी, लढाईत आपली चार हजार माणसं पडली, तर देवाचा कोशच, म्हणजे कराराची पवित्र पेटीच, रणात न्या. या भावांनी कोशाची सोबत केली. छावणीत असा जयघोष झाला की जमीन दणाणली. मग तीस हजार पडले, कोश पलिष्ट्यांनी नेला, दोघे भाऊ एकाच दिवशी गेले. बातमी ऐकून अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळला आणि मान मोडून मेला. अंगानं जड होता, असं पुस्तक आवर्जून सांगतं. ते वजन कशाचं, ते काट्याला विचारा.

एलीच्या वंशजांसाठीही भविष्य सांगून ठेवलं होतं: एखादं पुरोहितपण द्या हो, भाकरीच्या तुकड्यापुरतं, म्हणत ते दारात उभे राहतील. तेव्हा अर्जाचा मसुदा आत्ताच करून ठेवा.

शिलोत नाही जमलं तर बैर-शेबा गाव आहे. तिथे पुढे त्याच शमुवेलाचे मुलगे, योएल आणि अबीया, न्यायाधीश झाले. तिथे काटाही लागत नाही. लाच थेट हातात देतात.