खांदे उतरलेल्या कार्डिगनबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्रीच वाचला होता. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण आधी त्याच खेपेतली दोन कार्डिगन कपाटातून काढून धुवायची होती. ती वाळेपर्यंत थांबले.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी मार्चमध्ये आमच्याकडून मोतिया रंगाचं सुती क्रोशे कार्डिगन घेतलं, ३,४०० रुपयांना, ऑफिसातल्या एसीत घालायला. दोन धुण्यांत ते खाली मांड्यांपर्यंत आलं आणि बाह्या बोटांवर उतरल्या. विणीला त्यांनी ‘मासे पकडायचं जाळं’ म्हटलंय, आणि फोटोत ते असं आरपार दिसत नव्हतं, हीही तक्रार आहे. फोन केला तर ‘कॉटन आहे, सैल होणारच’ असं उत्तर मिळालं. शेवटी त्या विचारतात, असलंच मशीनचं क्रोशे बाजारात ६०० रुपयांत मिळतं, आमची आजी दुपारी बसल्या बसल्या तोरणं विणायची, मग यात एवढं काय? दोन स्टार.

फोनचं आधी सांगून टाकते, कारण त्यात माझ्याकडे बोलायला काही नाही. सुट्टीत भाचा दुकानात बसतो, त्यानं उचलला होता. पण ते वाक्य त्याचं नव्हे, माझं आहे. दिवसातून चारदा मी ते कुणाला ना कुणाला ऐकवत असते, त्यानं तेच तुम्हाला ऐकवलं. माफ करा. आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे, हे गेल्या दोन दिवसांत मला माझ्याच मोजपट्टीनं दाखवलं.

लोकरीच्या तंतूला जन्मतः कुरळेपणा असतो, त्यामुळे ताणून सोडली की ती मागे येते. कापसाच्या तंतूत ही स्प्रिंग नसते. ताणलं की तो तिथेच राहतो, आणि वर तो पाणी भरपूर पितो. आमचं मध्यम मापाचं कार्डिगन कोरडं २९० ग्रॅम भरतं. धुऊन, हातानं दाबून पाणी काढलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं, तर ६४० ग्रॅम. म्हणजे हँगरला लावल्यावर खांद्याच्या दोन शिवणींवर दुपटीहून जास्त वजन लोंबतं, तेही दमट हवेत, वाळेपर्यंत तासन्‌तास.

एक कार्डिगन टॉवेलावर आडवं वाळवलं, दुसरं हँगरवर. दोन्ही दोनदा धुतली. खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची मूळ उंची ५६ सेंटिमीटर. आडवं वाळवलेलं ५७ झालं. हँगरवरचं ६३, आणि त्याची बाही ४४ ची ४८ च्या वर गेली. तुम्ही टाकलेल्या फोटोत दिसतंय ते हेच. धुताना तुम्ही काही वेगळं, चुकीचं केलेलं नाही. आपल्याकडे कपडे वाळवतात तसेच वाळवलेत.

आता आमची चूक. आम्ही एरवी साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर विणतो. फेब्रुवारीत उन्हाळ्याचा माल काढताना मी चारची सुई धरायला सांगितली. टाका मोकळा पडतो, कपडा हवेशीर लागतो, वजन चाळीसेक ग्रॅमनं उतरतं. दोराही वाचतो, तेही सांगून टाकते. नमुना म्हणून पंधरा बाय पंधराचा तुकडा विणला, धुतला, टेबलावर वाळवला, मापला. काहीच हललं नव्हतं. हलणार कसं? तळहाताएवढ्या तुकड्याला लोंबायला वजनच नसतं. अख्खं कार्डिगन विणून टांगून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. सीझन अंगावर आला होता.

आमच्याकडे सर्वांत जुन्या एक काकू आहेत. त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, ‘अगं, खांद्याला आतून पट्टी घाल, नाहीतर हे उतरतंय बघ.’ पट्टी म्हणजे खांद्याच्या शिवणीवर आणि मागच्या गळ्यावर आतल्या बाजूनं शिवलेली सुती फीत. ती ताणत नाही, म्हणून सगळा भार ती घेते. मी नको म्हटलं. जाळीतून ती दिसेल असं मला वाटलं, आणि नगामागे तासभर वाढत होता. काकूंना परवा तुमचा अभिप्राय वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता चष्मा वर केला.

धुण्याच्या सूचनांच्या चिठ्ठीवर आम्ही ‘सावलीत वाळवा’ छापलंय. ‘आडवं’ हा शब्द राहिला. अर्थात डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात जूनमध्ये कार्डिगन आडवं पसरायला जागा कुठे असते, हा प्रश्न मलाही पडतो. मी स्वतः करते ते असं: टॉवेलात गुंडाळून वरून दाबायचं, म्हणजे निम्मं पाणी टॉवेल घेतो. मग दांडीवर मधोमध दुमडून टाकायचं, काठ एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला, आणि बाह्या उचलून दांडीवरच ठेवायच्या. वजन वाटलं जातं. हँगर नको आणि चिमटे तर नकोच. मशीनमध्ये फिरवून पिळू नका.

जाळीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. एक खांब (उंच टाका), एक साखळी (साधा फास), खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब, अशी ती वीण आहे. ती भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत. तीच वीण सलग खांबांनी भरली तर कार्डिगन ४०० ग्रॅमच्या पुढे जातं आणि एप्रिलमध्ये स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालताना अंगाला चिकटतं. हलकं सुती कार्डिगन हवं असेल तर जाळी आलीच. एसीचा थेट झोत डोक्यावर येत असेल, तर या कपड्यानं भागणार नाही, हे मात्र तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. फोटोचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. फोटोतल्या मुलीनं आतून त्याच मोतिया रंगाचा टॉप घातला होता, त्यामुळे वीण भरीव वाटते. फसवायचा विचार नव्हता, पण दिसतं तसंच. काळ्या कुर्त्यावर घालून नवे फोटो काढलेत, या आठवड्यात लागतील.

राहिले ते ६०० रुपये. इथे मी जरा लांब लिहिणार आहे, चिडून नव्हे, पण हा हिशोब एकदा कुठेतरी मांडायचाच होता.

हातानं होतो तो क्रोशे करणारं मशीन अजून बाजारात नाही. ‘क्रोशे मशीन’ या नावाचं यंत्र आहे, त्यावर किनारी आणि लेस निघतात, पण ते विणकाम वेगळ्या जातीचं, शेजारशेजारचे पुष्कळ धागे एकाच वेळी एकमेकांत अडकवणारं. हाताच्या क्रोशात सुईवर एकच फास चालू असतो. तो ओढून घेतला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्यामुळे ६०० रुपयांना ‘क्रोशे’ मिळालं, तर दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर ती मशीनवरची जाळी आहे. त्यात वाईट काही नाही, मीही घालते. किंवा ते खरोखर हातचं आहे, आणि मग ते विणणारीच्या हातात काय पडलं असेल याचा हिशोब तुम्हीच करून बघा.

आणखी एक, घरच्या घरी करण्यासारखं. त्या ६०० वाल्याच्या आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा आणि वाटीत ठेवून चिमट्यानं धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे चुरगळणारी राख. अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून काळी, कडक गाठ बनते. अ‍ॅक्रिलिक घाम पीत नाही. थंडीत ठीक आहे, आपल्या मे महिन्यात नाही.

आमचा हिशोब असा. दोरा ३०० ग्रॅम, ५७० रुपये. करवंटीची पाच बटणं, ५० रुपये. खांब आणि साखळ्या मिळून तेरा-चौदा हजार टाके, शिवाय जोडणी, बटणपट्टी, धाग्यांची टोकं आत लपवणं, असे ३२ तास. विणणारीला १,९२० रुपये. पॅकिंग आणि कुरिअर १५०. उरतात ७१०, त्यातून कर, भाडं, दिवे आणि न खपलेला माल.

१,९२० ला ३२ नं भागलं की तासाला ६० रुपये येतात. हा आकडा तुमच्यासाठी लिहायला घेतला तेव्हा पहिल्यांदा मी तो तासावर भागला. आजवर नगावरच बोलत होतो. लिहून झाल्यावर जरा वेळ पेन खाली ठेवलं. तुम्हाला ३,४०० महाग वाटतात, हे मला समजतं. पगारातून एका कार्डिगनला एवढे देणं सोपं नाही. पण ती किंमत मी खाली आणणार नाही. पट्टीचा तास धरून दिवाळीनंतर ती वाढेल.

आजीबद्दल. माझीही विणायची. दाराला तोरण, रेडिओवर रुमाल, पुढे टीव्ही आल्यावर त्याला झालर, आणि आत्याच्या रुखवतात तर क्रोशाची अख्खी तुळस मांडली होती, कुंडीसकट. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या तुळशीला किती दुपारी लागल्या हे कुणी तिला विचारलं नाही, आणि तिनंही मोजल्या नसतील. आमच्याकडच्या बायका मोजतात, कारण त्यावर कुणाची रिक्षा, कुणाच्या मुलाची क्लासची फी चालते. आपली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. तिथल्या बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणून परदेशात पाठवताहेत. त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माल एवढा नावाजलेला, पण हे काम कायम ‘फावल्या वेळातलं’ धरलं गेलं आणि मजुरी त्या हिशोबानंच पडत आली. तुमचं आजीचं वाक्य वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. तुमच्या मनात तसं नसेल, पण रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य इथे बसलेल्या सहाजणींनी वाचलंय, म्हणून सांगितलं.

आता तुमच्या कार्डिगनचं काय करायचं. ते खालून वर विणलेलं आहे, त्यामुळे खालचा काठ उसवून आखूड करता येत नाही. क्रोशा शेवटच्या टाक्याकडूनच उसवतो, सुरुवातीकडून नाही. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्यात, त्या मनगटापाशी उसवून कमी करता येतील, पण अंगाची उंची तशीच राहील. म्हणून दुरुस्तीचं मी सुचवत नाही.

पाकिटावर ‘धुतलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. या खेपेला ते लागू नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चारच्या सुईवर विणलेली २३ कार्डिगन गेली, त्यातल्या प्रत्येकीला आम्ही आज मेसेज केलाय. तुम्हाला पूर्ण पैसे हवे असतील तर पूर्ण पैसे. नाहीतर साडेतीनच्या सुईवरचं, खांद्याला पट्टी घातलेलं नवीन कार्डिगन. त्याला तीन आठवडे लागतील, कारण ते काकू विणणार आहेत आणि त्यांना घाई केलेली चालत नाही. कुरिअरचा माणूस आम्हीच पाठवू. जुनं आलं की उसवून दोरा धुऊन घेऊ. त्याच्या पिशव्या होतील, त्यांना लोंबलेलं चालतं.

अभिप्राय काढू नका, स्टारही बदलायची गरज नाही. नवीन हवं असेल तर फक्त एक करा: तुमच्या अंगाला नीट बसणारा एखादा शर्ट जमिनीवर पसरून काखेपासून मनगटापर्यंतची बाही मोजून कळवा. मागच्या वेळी तुम्ही ‘मीडियम’ एवढंच लिहिलं होतं, आणि आम्हीही पुढे विचारलं नाही.