ठोकलेली नळी म्हणजे अचूक नळी?

भुसावळ-जळगावकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: ‘सैन्याच्या रायफलीची नळी हातोड्याने ठोकून बनते. ठोकल्याने पोलाद घट्ट होतं, म्हणून ती सगळ्यांत अचूक आणि दुप्पट टिकाऊ. खाचा कापून पाडणं जुनाट झालं. आपल्या वरणगावात अशाच नळ्या बनतात.’

शेवटचं आधी निकालात काढू. १९६४ साली उभी राहिलेली वरणगावची आयुध निर्माणी काडतुसांची. रायफली बनतात त्या इशापूर, कानपूर, तिरुचिरापल्लीसारख्या ठिकाणी.

आता अचूकता. खाचा म्हणजे नळीच्या आतल्या मळसूत्री रेघा; त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. ठोकताना जाड, आखूड नळीत टंगस्टन कार्बाइडचा मॅन्ड्रेल, म्हणजे अतिशय कडक दांडा, घालतात. त्यावर खाचांचा उलटा ठसा असतो. चहूबाजूंनी हातोडे बसतात, पोलाद मॅन्ड्रेलवर दाबलं जातं, नळी लांबते. काही मिनिटांचं काम, आणि चेंबरही (काडतूस बसतं ती जागा) त्याच फेरीत निघू शकतो. मोठ्या कारखान्यांना ही रीत आवडते ती या वेगापायी; यंत्र इतकं महाग, की नग हजारोंनी निघाले तरच परवडतं. पण एवढ्या मारानं पोलादात ताण कोंडतो. जळगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा: ब्राइट बारला (थंडच ओढून काढलेल्या सळईला) एका बाजूने की-वे, म्हणजे चावीची खाच, पाडला की शाफ्ट वाकतो, कारण आतला ताण एका अंगाने सुटतो. नळीतला ताण नीट काढला नाही, तर ती तापल्यावर गोळ्या एकीकडे सरकायला लागतात.

बटन रीतीतही हीच खोड. कार्बाइडचं बटन, म्हणजे अंगावर खाचांचा उलटा ठसा असलेला छोटा गट्टू, भोकातून ओढलं की मिनिटभरात सगळ्या खाचा दाबून उमटतात. मग भट्टीत ताण न काढता नळी बाहेरून बारीक केली, तर पातळ झालेल्या तोंडाशी भोक सैल होतं. तोंड सैल म्हणजे नेम गेलाच.

कापण्याचा हिशेब बघा. ७.६२ मि.मी.च्या नळीत खाच सुमारे ०.१ मि.मी. खोल. कटर एका फेरीत अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काढतो असं धरलं, तर एका खाचेला ४० फेऱ्या, सहा खाचांना २४०. वेळखाऊ खरं, पण पोलादावर जोर जवळजवळ नाही. बेंचरेस्ट स्पर्धांत (रायफल टेबलावर टेकवून केलेली नेमबाजी) कापलेल्या किंवा बटनच्या, लॅप केलेल्या, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेल्या नळ्याच जास्त दिसतात. याला जुनाट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा! अर्थात गन-ड्रिलने पाडलेलं मूळ भोकच वाकडं असेल, तर कटर काय नि बटन काय, त्याच वाटेनं जाणार.

राहिला टिकाऊपणा. नळी मरते ती बहुधा चेंबरच्या लगेच पुढे, गळ्यापाशी. दारूचा तप्त वायू तिथला पृष्ठभाग जाळतो, बारीक भेगा पडतात, कण सुटतात. ठोकून आलेला कडकपणा त्या उष्णतेपुढे फारसा टिकत नाही. सैन्याच्या नळ्यांना आयुष्य मिळतं त्यात मोठा वाटा आतल्या कडक क्रोमच्या थराचा, आणि तो थर कुठल्याही रीतीच्या नळीला देता येतो. मात्र क्रोम कुठे जाड, कुठे पातळ बसला तर अचूकता जाते; म्हणून स्पर्धेच्या नळीत तो सहसा नसतो.