‘ढकलगाडी’ आणि 503 वजा 278

दर वर्षी निकालाच्या सुमारास तो मेसेज फिरत फिरत येतोच. यंदा एकाच दिवशी तीन ग्रुपांवर आला: माजी विद्यार्थ्यांच्या, नातेवाइकांच्या आणि (हे जास्त लागलं) आमच्या शिक्षकांच्या. मजकूर साधारण असा: शिक्षण हक्क कायद्याने 2010 पासून आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद केल्या, सगळ्यांना सरसकट वर ढकललं, म्हणून आज नववीतल्या पोराला धड वाचता येत नाही. नापासाची भीती गेली तसा अभ्यासही गेला. आमच्या वेळी सातवी झालेला माणूस मास्तर व्हायचा. मुलांचे फार लाड झाले. बरं झालं, आता पाचवी-आठवीला नापास करणं परत आलं, गाडी रुळावर येईल. आणि शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. नववीत गेलेल्या काही मुलांना वाचता येत नाही, यावर माझा वाद नाही. त्यातली एक-दोन माझ्याच वर्गातून गेलीत. वाद पुढच्या वाक्यांशी आहे.

पहिलं, ‘परीक्षा बंद केल्या’. कुणी? कायद्याच्या कलम 16 ने बंद केलं ते मुलाला त्याच वर्गात ठेवणं आणि शाळेतून काढून टाकणं. कलम 30 ने आठवी पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नको म्हटलं. मूल्यमापन तर कलम 29 ने उलट वर्षभर करायला सांगितलं. आपल्या राज्यात त्याचा शासन निर्णय 20 ऑगस्ट 2010 चा. आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) असे दोन भाग, आकारिकसाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आठ साधनं. सातवी-आठवीला संकलितचा भारांश 60 टक्के, म्हणजे सत्राच्या शेवटी पेपर होतेच. मुलं पेपर लिहीत होती, आम्ही तपासत होतो, श्रेण्या देत होतो. आणि त्याच निर्णयात असंही होतं की ‘ड’ श्रेणीच्या खाली घसरलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान ‘ड’पर्यंत आणायचं. मेसेज लिहिणाऱ्याने हे वाक्य वाचलेलं नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही बऱ्याच जणांनी वाचून न वाचल्यासारखं केलं.

कारण झालं काय, तर नोंदी झाल्या. प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद लिहायची होती. महिन्या-दोन महिन्यांत बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, मग पीडीएफ आल्या. ‘वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो.’ ‘गणितीय क्रिया अचूक करतो.’ ‘सुधारणेस वाव आहे.’ ओळी उचलायच्या आणि रजिस्टरात उतरवायच्या. मीही दोन वर्षं उतरवल्या, खोटं कशाला बोलू. चाळीस मुलं, त्यात यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती, पोषण आहाराचा हिशोब, बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी. तपासायला येणारे साहेबही रजिस्टर पूर्ण आहे का एवढंच बघत. नोंद लिहिल्यावर त्या मुलासाठी काय केलंत, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मोजमाप होत होतं. त्याचं पुढे काही होत नव्हतं, दुखणं ते आहे.

दुसरं, ‘कायद्याने दर्जा घसरला’. इथे मेसेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2010 मध्ये साधारण 54 टक्के होती, 2012 मध्ये ती 47 च्या आसपास आली. घसरण झाली. पण तो पहिला आकडा पुन्हा वाचा. कायद्याचं ते पहिलंच वर्ष, आणि पाचवीतल्या शंभरातल्या शेहेचाळीस मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता. ही मुलं कायद्याआधीच्या शाळांतूनच पाचवीपर्यंत आली होती. मग ती आली कशी?

निकालाचे आकडे तर सोडाच. 2018 ला आपल्याकडे दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले, निकाल 77.10 वर आला. 2020 ला अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30. तीन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं एकदा ढ आणि एकदा हुशार झाली नाहीत, पेपरचा साचा बदलला एवढंच.

आता माझा खरा मुद्दा. गेल्या वर्षी सहावीत एक मुलगा होता, शांत, मागच्या बाकावरचा. फळ्यावर उदाहरण दिलं: 503 वजा 278. त्याचं उत्तर 375. वर्गात दोघे-तिघे हसले. मी वही बघितली. पाचातून दोन गेले तीन. मधे वर शून्य, खाली सात, तर सात. तीन आणि आठ, तर पाच. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला होता, वर कोणता आणि खाली कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पानभर उदाहरणं याच पद्धतीने सोडवलेली, एकही अंदाजपंचे नाही. पोरगं आळशी नव्हतं. त्याचा स्वतःचा एक नियम होता, तो चुकीचा होता, आणि हातच्याच्या वजाबाकीपासून सहावीपर्यंत तो नियम कुणीच पाहिला नव्हता.

पेपरात याला शून्य. ज्याने काही लिहिलंच नाही त्यालाही शून्य. आता समजा याला सहावीत नापास केला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सहावीचंच पुस्तक उघडणार: पूर्णांक, अपूर्णांक, शेकडेवारी. त्याची गाडी अडली आहे ती तीन इयत्ता मागे, दशक सुटा करण्यापाशी. वर्ष फुकट जाणार, आणि बरोबरीची पोरं पुढे गेल्याची लाज वर.

मी त्याला पहिली-दुसरीच्या वर्गातून काड्या आणून दिल्या. शंभराचे पाच गठ्ठे, तीन सुट्या. आता यातून आठ काढ. तो थांबला. तीनच आहेत, म्हणाला. मग? दहाचा गठ्ठा सोडू? दहाचा गठ्ठा नव्हताच, शून्य होता तिथे. बराच वेळ तो त्या काड्यांकडे बघत बसला, मग शंभराच्या गठ्ठ्याचा रबर त्याने स्वतःच काढला. उत्तर 225 यायला मधल्या सुट्टीचे चार दिवस लागले. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीबरोबर मी महिनाभर घालवला आणि फार काही हाती लागलं नाही.

तिसरं, ‘भीती असल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत’. हे पूर्ण खोटं नाही. अमेरिकेत शिकागोच्या सरकारी शाळांनी 1996 पासून तिसरी, सहावी आणि आठवीला चाचणीत मागे पडणाऱ्यांना उन्हाळी वर्ग आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवणं, असा नियम लावला. संशोधकांनी मुलांशी बोलून पाहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी खरोखर जास्त अभ्यास केलेला दिसला. ज्यांनी केला नाही, त्यांच्यात सर्वांत मागे असलेली मुलं जास्त होती. डोंगर फार उंच दिसला की माणूस पायथ्यालाच बसतो. आणि प्रत्यक्ष त्याच वर्गात ठेवलेल्यांचं पुढे काय झालं? तिसरीतल्यांना फायदा दिसला नाही, सहावीतल्यांची प्रगती उलट मंदावली, आठवीत ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडणारे वाढले. तिकडे जपानमध्ये कुणाला त्याच वर्गात ठेवायची पद्धतच जवळपास नाही, आणि जपानी मुलांच्या गणिताबद्दल ग्रुपवर कुणी तक्रार केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

‘सातवी झालेला मास्तर व्हायचा’ हेही खरं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास म्हणजे गावात मान होता. पण 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर माणसं शंभरात पस्तीसच्या आसपास होती. सातवीपर्यंत टिकलेली मुलं ही गाळून उरलेली होती. तिसरीत दोनदा नापास होऊन गुरांमागे गेलेला मुलगा कुणाच्या आठवणीत नाही, आणि त्याचे नातू या ग्रुपवर नाहीत.

लाडांबद्दल एवढंच: एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. 81 टक्के मुलांनी अस्वस्थतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. भीती गेली म्हणणाऱ्यांनी ती नेमकी कुठून गेली ते सांगावं.

राहिलं शेवटचं, ‘आता गाडी रुळावर येईल’. 2019 मध्ये कायदा बदलला, राज्यांना मुभा मिळाली. आपल्याकडे 2023 मध्ये नियम झाले आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, तरी जमलं नाही तर त्याच वर्गात, असं ठरलं. कागदावर हे वाईट नाही, जादा मार्गदर्शन आता कायद्यातच लिहिलंय. फक्त कॅलेंडर काढून बघा. परीक्षा एप्रिलमध्ये, पुनर्परीक्षा जूनमध्ये. मधे मे. शाळेला कुलूप, शिक्षक गावी, मुलं मामाकडे. मार्गदर्शन कोण, कुठे आणि कधी करणार?

नसता उपाय सुचवतो असं वाटू नये म्हणून आपल्याच घरातलं उदाहरण देतो. मुंबई महापालिकेच्या शाळांत आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच एक शिकलेली ताई, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, रोज दोन तास, आणि मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तो मोजला, 2019 चं नोबेल मिळालेले तेच दोघे. मुलं स्पष्टपणे पुढे सरकली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. मदत सुरू ठेवावी लागते, एकदा देऊन भागत नाही. नापासाचा शिक्का मात्र एकदाच मारायचा असतो, म्हणून तो स्वस्त पडतो.

आमच्या गावातून दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृह असलं तर पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर कारखान्यावर, कोपीत म्हणजे झोपडीत. मार्चअखेर परत आली की तीन आठवड्यांत परीक्षा. मागच्या वर्षी पाचवीतली अशीच दोन मुलं पुनर्परीक्षेला होती. मी आणि त्यांच्या वर्गशिक्षिका मे महिन्यात आळीपाळीने सकाळचे दोन तास देवळाच्या ओट्यावर बसायचो. एक मुलगा रोज आला, जूनमध्ये पास झाला. दुसऱ्याचे आईवडील वीटभट्टीवर गेले होते आणि तो त्यांच्याबरोबर. वडिलांचा फोन महिनाभर बंद लागत होता. पटावर तो आता पुन्हा पाचवीत आहे.