पिवळ्याचं ठीक, पांढऱ्याचं काय?

ब्राझीलच्या साव पावलोत कुठल्याही बेकरीत शिरा, काचेमागे किंदिम नावाचं गोड पक्वान्न चमकत असतं. वर पिवळाधमक पारदर्शक थर, खाली खोबरं. पैसे द्यावेत, खावं, घरी यावं. पण मी रत्नागिरीची आहे, म्हणजे नारळाच्या मुलखातली आहे, हे आमच्या मजल्यावरच्या आजींना कळलं आणि माझा रविवार गेला.

साहित्य चारच. साखर, लोणी, ओलं खोबरं आणि बारा अंड्यांचा नुसता बलक. माप कोपो अमेरिकानोचं. नाव अमेरिकन, जन्म ब्राझीलचा आणि दिसायला हुबेहूब आपला कटिंगचा ग्लास! खोबरं खवायला मी विळी काढली, तर आजी दोन पावलं मागे सरकल्या. तेवढाच माझा विजय.

मग बलक चाळणीत ओतायचे आणि हात बांधून उभं राहायचं. चमच्याने दाबायचं नाही. बलकावरचा पापुद्रा चाळणीतच राहिला पाहिजे, नाहीतर अंड्याचा वास येतो, हे आजींचं ठाम मत. माझा हात चमच्याकडे गेला की "काल्मा, मिन्या फिल्या!" (धीर धर, पोरी!) म्हणत त्या मनगट धरायच्या. चाळणीखाली एक जाड पिवळा थेंब लोंबायचा, लोंबायचा, आणि पडायचाच नाही. तेवढ्यात माझा वरणभाताचा कुकर झाला असता.

पुढे फेटायचंही नाही. फेस झाला तर वर बुडबुडे दिसतात. साच्याला लोणी आणि साखर लावून मिश्रण ओतायचं, थोडं थांबायचं, की खोबरं आपोआप वर तरंगतं. मग गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भट्टीत. गार झाल्यावर पालथं घातलं की वरचं खोबरं तळाशी जातं. इथे मात्र कुणीही श्वास घेत नाही. सुटलं एकदाचं!

आणि मग ओट्यावरचं ते पातेलं. बारा अंड्यांचं पांढरं.

पोर्तुगालच्या मठांत म्हणे जोगिणी पांढऱ्याची खळ कपड्यांना करायच्या, वाइन नितळ करायलाही ते जायचं. उरलेल्या बलकाची मिठाई व्हायची, त्यात बदाम. ती ब्राझीलला आली आणि ईशान्येकडच्या उसाच्या मळ्यांवर, गुलाम आफ्रिकी बायकांच्या हाताखाली, बदामाच्या जागी नारळ आला. नारळही इथला नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच आणलेला. इतिहास उत्तम आहे, पण त्या जोगिणींकडे पांढरं आधी खपायचं, माझ्याकडे खळ घालायला एक सुती साडी आहे आणि तीही भारतात.

सोमवारी नवऱ्याला पांढरं ऑम्लेट. मंगळवारी पांढरी भुर्जी. बुधवारी त्याने डबा उघडलाच नाही.

आजींकडे तोडगा होताच. उरलेल्याचे सुस्पिरो करायचे, म्हणजे पांढरं आणि साखर फेटून, मंद आचेवर तास दोन तास वाळवायचं. (इथे फेटायचं, बरं का. मनगट तुटेपर्यंत.)

नवऱ्याने दारातूनच विचारलं, "त्यात पिवळं लागत नाही ना?"