धाकट्याच्या वाट्याचे पैसे

नमस्कार,

दुर्घटनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणनिधीवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांनी कळवळून दिलेला पैसा वीस-वीस वर्षं अडकवून ठेवायचा, विश्वस्तांनी मिरवायचं आणि मुलांना दर वर्षी हात पसरायला लावायचं. त्यापेक्षा आलेली रक्कम मुलांच्या संख्येने भागा, वर्षाच्या आत घरोघरी पोचवा आणि विषय संपवा. शिवाय पडून राहिलेल्या पैशाला पाय फुटतात, म्हणून तुम्ही ॲबरफॅनचा दाखला दिलात.

दाखला जबरदस्त आहे, म्हणून आधी तोच घेते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या त्या गावात खाणीच्या टाकाऊ मातीचा ढिगारा शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. मदतनिधीत सुमारे साडेसतरा लाख पौंड जमले. गावाच्या डोक्यावर उरलेले ढिगारे हटवायची वेळ आली तेव्हा १९६८ मध्ये त्या खर्चासाठी याच निधीतून दीड लाख पौंड काढले गेले. १९९७ मध्ये ते परत मिळाले. दीड लाखच. व्याजाचा एक पेनीही नाही. वाचून आजही डोकं फिरतं. पण तारखा बघा. पैसे गेले ते दुर्घटनेनंतर दोन वर्षांच्या आत. फार काळ पडून होते म्हणून नव्हेत, तर सरकारला विश्वस्तांवर दडपण आणता आलं म्हणून. त्यावर उपाय एकच, विश्वस्तपत्रात पैसे कशासाठी आहेत आणि कशासाठी मुळीच नाहीत हे पहिल्याच दिवशी ठणठणीत लिहून ठेवणं.

आता समान वाटणी. ऐकायला न्याय्य वाटते. लेखात मीही 'प्रत्येक मुलाला सारखी रक्कम' असं लिहून बसले होते, ते चुकलंच. सतरा वर्षांच्या मुलाला फी चार महिन्यांत भरायची असते, तान्ह्या बाळाची फी अठरा वर्षांनी. आज जे शिक्षण १०० ला मिळतं, ते वर्षाला सहा टक्क्यांनी महागलं तर अठरा वर्षांनी २८५ ला पडतं. तेच १०० चार टक्के व्याजाने ठेवले तर २०३ होतात. म्हणजे सारखं वाटून धाकट्याच्या पदरात कमीच पडतं.

आणि तेही ते १०० शिल्लक राहिले तर. घरातलं कमावतं माणूस गेलं की पहिल्या वर्षी भाडं, कर्ज, दवाखाना सगळं एकदम अंगावर येतं. त्यात बाळाच्या कॉलेजचे पैसे संपले तर आईला बोल लावायची माझी हिंमत नाही. त्या गरजेसाठी वेगळी तातडीची मदत हवी आणि ती झटपट वाटलीच पाहिजे. अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर २०१३ मध्ये केनेथ फाइनबर्ग या भरपाईवाटपात मुरलेल्या वकिलांच्या देखरेखीखाली सुमारे सहा कोटी डॉलर अडीच महिन्यांत वाटले गेले, ते योग्यच होतं. पण तो जखमींसाठीचा आणि मृतांच्या घरच्यांसाठीचा पैसा. शिक्षणाचा पैसा त्याच पेटीत टाकला की धाकट्यांचा वाटा आधी संपतो.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. एका छोट्या निधीचे हिशेब मी बरीच वर्षं पाहिले. सुरुवातीला कॉलेजात चारच मुलं होती, खात्यात पैसा दिसत होता, म्हणून आम्ही सढळ हाताने दिला. पूर्ण फी, वसतिगृह, वर लॅपटॉप. चौथ्या वर्षी एकदम अकरा मुलं बारावी झाली. तेव्हा कुठे मी सगळ्यांच्या जन्मतारखा एका कागदावर ओळीने मांडल्या, आणि पोटात गोळा आला. रक्कम कापावी लागली. एका घरातल्या मुलीने सरळ विचारलं, "दादाला जास्त का मिळाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो जन्मतारखांचा कागद पहिल्या बैठकीतच टेबलावर असायला हवा होता.

अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर निघालेल्या 'फॅमिलीज ऑफ फ्रीडम' निधीने हे आधीच ओळखलं. दहा कोटी डॉलरचं लक्ष्य, आणि गोळा करायला पुढे कोण, तर १९९६ च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले बिल क्लिंटन आणि बॉब डोल. मृतांच्याच नव्हे, कायमचं अपंगत्व आलेल्यांच्या मुलांनाही त्यात जागा आहे. मुदत ठेवली २०३० पर्यंत. हल्ल्याच्या वेळी पोटात असलेली बाळंही त्यांनी मोजली होती. २००२ मध्ये जन्मलेलं मूल कॉलेजला पोचतं ते थेट २०२० मध्ये, मध्येच वर्ष-दोन वर्षं शिक्षण सुटलं तर आणखी पुढे.

एवढा काळ पैसा नुसता बचत खात्यात ठेवणं मात्र खरंच पडू देणं आहे, इथे तुमच्याशी सहमत. लांबच्या वर्षांचा पैसा थोडा शेअरमध्ये असावा, पण जी फी तीन-चार वर्षांत भरायची ती मुदत ठेवीत किंवा रोख्यांत आलेलीच हवी. २००८ मध्ये अमेरिकेतला शेअर बाजार तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरला. त्या वर्षी अठराव्यात पाऊल टाकलेल्या मुलाला 'बाजार वर येईपर्यंत थांब' असं कोण सांगणार?

विश्वस्तांच्या मिरवण्याबद्दल फार वाद घालत नाही. दर वर्षी जमाखर्च उघड करा, मिरवणं आपोआप कमी होतं.

हात पसरायला लावण्याचा मुद्दा मात्र झोंबला, कारण खरा आहे. आमच्या अर्जाला दर वर्षी मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी लागे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षीचा अर्ज तसाच पुढे छापला जात होता. एका मुलाने चौथ्या वर्षी दाखल्यासोबत चिठ्ठी जोडली: 'बाबा यंदाही नाहीत.' मी ती बैठकीत मोठ्याने वाचायला घेतली आणि पुढे वाचवेना. त्याच दिवशी ती अट अर्जातून काढली.