नोहाचं तारू आणि आमच्या विहिरीतला लाल थर

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं.

सकाळी चर्चमध्ये उपासनेनंतर संडे स्कूलच्या लेकरांसमोर बाहेरगावचे एक पाहुणे वक्ते उभे राहिले. प्रोजेक्टर, स्लाइड, सगळा थाट. पृथ्वी सहा हजार वर्षांची, बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयात वर्षभरात जगातले बहुतेक खडक तयार झाले, आणि म्हणे हे सगळं विज्ञानानं सिद्ध झालंय. इथवर मी गप्प होते. मग त्यांनी २०२५ च्या सप्टेंबरातल्या आपल्या पुराचे फोटो लावले. खरडून गेलेली रानं, दावणीलाच मेलेली जनावरं. "बघा, पाणी चार दिवसांत काय करू शकतं!" अहो, समोर बसलेल्या लेकरांतल्या काहींची रानं त्याच पाण्यात गेलीत. एक पोरगी खाली मान घालून बसली होती. यांना तिकडं बघायला सवड नव्हती, पुढची स्लाइड होती.

तेवढ्यात माझ्या भाच्यानं हात वर केला. पाचवीत आहे. "सर, मग आमच्या आजोबांच्या विहिरीत दगडाच्या मधोमध लाल माती कशी आली?"

वक्ते हसले. "बेटा, शाळेत शिकवतात ते सगळंच खरं नसतं."

शाळेतलं कुठं विचारलं त्यानं? विहिरीतलं विचारलं!

ही विहीर म्हणजे २०१३ चा दुष्काळ. आपल्या जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या ते दिवस, तुम्हाला काय सांगायचं. बाबांनी कर्ज काढून विहीर खोल करायला घेतली. यारी आली, सुरुंग उडाले. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, छिन्नीलाही न जुमानणारा. आणि त्या पाषाणाच्या खाली हातभर जाडीचा लालभडक थर. वरच्या अंगाला भट्टीतल्या विटेसारखा भाजलेला, खालून मऊ, नखानं उकरावा असा. त्याच्याखाली पुन्हा दगड, मांजऱ्या म्हणतात तो, पांढऱ्या खड्यांनी भरलेला. खोदणाऱ्या टोळीतले म्हातारे काका शाळेची पायरी न चढलेले. लाल ढेकूळ माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "ताई, ही कवातरी वरची जमीन व्हती. हिच्यावर दगूड सांडलाय."

भूवैज्ञानिक हेच सांगतात, फक्त जास्त पानं लावून. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत आला, पुन्हा आला, पुन्हा आला. एक थर निवायचा, उन्हापावसात झिजायचा, त्याची माती व्हायची, मग पुढचा लोंढा येऊन तिला भाजून काढायचा. आता मला सांगा, त्या वर्षात सगळी पृथ्वी पाण्याखाली होती, तर माझ्या बापाच्या विहिरीतल्या मातीला ऊन कुठलं मिळालं? काही लाल थर मुळात ज्वालामुखीच्या राखेचे असतात, बरं, मान्य. त्या राखेचीही माती व्हायला वेळ लागतोच की.

आणि किल्लारी. १९९३ च्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा तोच काळा पाषाण, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, आणि मग एकदम जुनापुराणा खडक. वक्त्यांच्या स्लाइडवर प्रलयानं किलोमीटरच्या किलोमीटर गाळ आणून टाकला होता. आणि आपल्या लातूरच्या वाट्याला आठ मीटर? प्रलयातही मराठवाड्याचा अनुशेष? (गाळ सगळीकडे सारखा बसत नाही, असं ते म्हणतील. म्हणू द्या.)

बरं, हे बायबलात तरी आहे का? उत्पत्तीचा सातवा अध्याय काढा. पाणी डोंगरांवर पंधरा हात चढलं एवढंच आहे. खडकांचं चकार अक्षर नाही. हा 'विज्ञाना'चा मसाला अमेरिकेतला. १९६१ साली व्हिटकॉम्ब आणि मॉरिस या दोघांनी, एक धर्मशास्त्राचा आणि एक पाण्याचा इंजिनिअर, पुस्तक काढलं आणि तिथून हे पसरलं. २०१६ पासून केंटकीत पूर्ण आकाराचं तारू उभं आहे, तिकीट काढून बघायला मिळतं. बायबलावरून वर्षं मोजणाऱ्या बिशप अशरच्या हिशोबानं प्रलय इसवी सनापूर्वी २३४८ ला झाला. म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड आधीच बांधून झालेला, आणि हडप्पावाले विटा भाजत बसलेले. बुडालो, हे त्यांना कुणी कळवलंच नाही वाटतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? हे आपल्याच मंडळीत घडलं. नागपूरला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं. तो माणूस सुवार्ता सांगायचा आणि सोबत खडकही फोडायचा. लाव्हाच्या थरांच्या मध्ये त्यांना गोगलगायींचे जीवाश्म सापडले. गोड्या पाण्यातल्या. म्हणजे लाव्हाच्या एका लोंढ्यानंतर तळी साचली, त्यात जीव वाढले, मेले, मग पुढचा लोंढा आला. १८५५ ला त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हे छापलंसुद्धा. त्यांची श्रद्धा काही वाहून गेली नाही. आपलेच पूर्वज म्हणायचे ना हे? मग आपण कुठून कुठं आलो?

आणि हो, खाली हसण्याचे इमोजी टाकायला टपलेल्या माझ्या हिंदू मित्रांनो, दम धरा. मनू आणि माशाची गोष्ट तुमच्याकडेही आहे, आणि पुष्पक विमानाचं इंजिन समजावणारे तुमचे फॉरवर्ड मी मुकाट सहन करते.

खरं सांगू, मला नोहा आवडतो. कबुतराच्या चोचीत जैतुनाचं पान येतं तिथं अजूनही घशात काहीतरी अडकतं. पुराच्या त्या दिवसांत, बाबा रात्रभर बॅटरी घेऊन ओढ्याकडं बघत उभे होते तेव्हा, मी तोच अध्याय मनात म्हणत होते. त्या वेळी मला कुणी खडकाचं वय विचारलं नव्हतं.

पण पाचवीतल्या लेकराला तू येशू निवड नाहीतर आजोबांची विहीर निवड असं सांगणार असाल, तर गाठ माझ्याशी आहे. हा पोरगा उद्या दहावीला जाईल, भूगोल शिकेल, आणि मग मंडळीकडं फिरकणार नाही. दोष द्यायला पुन्हा आम्ही शिक्षक आहोतच.

पाळक साहेबांना फोन केला. "ताई, पाहुणे आहेत, जाऊ द्या." जाऊ कसं द्यायचं? नाताळाआधी ते परत येणार आहेत. या वेळी जेवण आमच्या मळ्यात ठेवा म्हणून सांगितलंय. विहिरीला पायऱ्या आहेत, टॉर्च मी देईन.

कमेंटमध्ये वचनं पाठवायची असतील तर उत्पत्तीचे सहा ते नऊ अध्याय सोडून पाठवा. ते मला पाठ आहेत.