संताप पेन्सिलीनेच लिहावा

एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडून स्त्रियांविषयी, एखाद्या समाजाविषयी किंवा पोटासाठी परप्रांतातून आलेल्या माणसांविषयी काहीतरी अभद्र निघून जावे आणि त्याची चित्रफीत सकाळी पाव-पातळभाजी खाताना आपल्या मोबाईलवर येऊन पडावी, असा प्रसंग गोव्यात कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी सुजाण माणसाने एकदम संतापू नये. तोंडातला घास आधी संपवावा, चित्रफितीचा आवाज बंद करावा आणि बोलणाऱ्याच्या गळ्यातले उपरणे नीट न्याहाळावे. उपरण्याचा रंग कळला की तो काय बोलला हे ऐकण्याची फारशी गरज उरत नाही. उलट आधी ऐकले तर पंचाईत होते, कारण मग खरोखरच राग येण्याचा संभव असतो, आणि खरा राग आला की तो कोणत्या पक्षाचा आहे हे पाहायचे राहून जाते.

उपरणे विरोधी पक्षाचे निघाले, तर आपले काम सोपे आहे. गोव्याच्या संस्कृतीवर घाला झाला असल्याचे प्रथम जाहीर करावे आणि माफीसाठी चोवीस तासांची मुदत द्यावी. अठ्ठेचाळीस तास देऊ नयेत. तेवढ्या वेळात आपल्याही कोणीतरी काहीतरी बोलण्याची भीती असते. मग पोलीस स्थानकात निवेदन द्यावे आणि त्याचे छायाचित्र काढावे, ज्यात निवेदनाचे एक टोक निरीक्षकाने धरलेले असते आणि दुसरे टोक अकरा जणांनी. सायंकाळी पणजीच्या आझाद मैदानावर जमावे. ज्या लोकांचा अपमान झाला त्यांना बोलावण्याची आवश्यकता नाही. ते आले की नेमके काय झाले आणि आता काय व्हायला हवे हे सांगत बसतात, आणि मुख्य वक्त्यांचा वेळ जातो.

उपरणे आपल्याच पक्षाचे निघाले, तर मात्र अधिक अभ्यास लागतो. पहिला दिवस मौनात काढावा. दुसऱ्या दिवशी ‘विपर्यास’ हा शब्द बाहेर काढावा, जो प्रत्येक पक्ष कार्यालयाच्या दारावर आंब्याच्या टाळ्यासारखा कायमचा बांधून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. ह्या बाबतीत गोमंतकीय पुढारी देशातील इतर पुढाऱ्यांपेक्षा भाग्यवान मानावा लागेल. तो बोलतो कोकणीत, छापून येतो मराठीत आणि त्याच्यावर चर्चा होते इंग्रजीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापरण्याची सोय ठेवली, तेव्हा त्या वादात डोकी फोडून घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आले नसेल की ह्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ जीभ घसरलेल्या माणसाला होणार आहे. कोकणीत ती थट्टा होती, मराठीत तिचा अपमान झाला, असे सांगता येते. मूळ वाक्य इंग्रजीत असेल, तर मनातला भाव कोकणी होता, असे म्हणावे.

ह्यानेही भागले नाही, तर “मग त्यांच्या वेळी तुम्ही कुठे होता?” असा प्रश्न विचारून जुन्या कात्रणांकडे वळावे. येथे इतिहास दोन्ही बाजूंना सढळ हाताने वाढतो. जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन क्रीडा व युवा व्यवहार मंत्री रमेश तवडकर यांनी समलिंगी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रे उघडण्याची भाषा केली आणि देशभर गदारोळ झाल्यावर आपण तसे म्हणालोच नव्हतो, असा खुलासा केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये गोवा फॉरवर्ड पक्षाचे विजय सरदेसाई यांनी गोव्यात येणाऱ्या देशी पर्यटकांना उद्देशून पृथ्वीवरचा गाळ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द वापरले. हे कात्रण कोणत्या फाईलीत लावावे, ह्याचा मात्र नीट विचार करावा. ते बोलले तेव्हा भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारात मंत्री होते. जुलै २०१९ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले आणि त्यानंतर ते विरोधी बाकांवरून सरकारला धारेवर धरू लागले. वाक्य तेच राहिले, पण ज्यांनी तेव्हा त्याच्याकडे कानाडोळा करायचा त्यांनी ते आता फडकवायचे आणि ज्यांनी तेव्हा फडकवले त्यांनी ते आता गुंडाळून ठेवायचे, अशी वेळ आली.

कधी कधी ह्याहून अवघड दुखणे उद्भवते. मे २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोव्यातील सुमारे नव्वद टक्के गुन्हे बिहार, उत्तर प्रदेश आणि अन्य राज्यांतून आलेल्या मजुरांकडून होतात, असे सांगितले. संताप उसळला, पण तो बिहारमध्ये. गोव्यातील विरोधकांपैकी अनेकांची मोठी कुचंबणा झाली असावी, कारण परप्रांतीयांविषयी हीच तक्रार ते स्वतः तिंट्यावर, म्हणजे बाजारात, उभे राहून वर्षानुवर्षे करत आले आहेत. विरोधकाचे अभद्र बोलणे आपल्याला मनातून पटलेले असणे, ह्यासारखे दुसरे संकट नाही. अशा वेळी बोलण्याच्या मजकुराला हात न लावता ते बोलण्याची वेळ चुकली, एवढेच म्हणावे. ज्या मजुराने आपले घर बांधले आणि ज्याच्या बायकोने आपली भांडी घासली, त्याला ह्या चर्चेतले काही कळू नये, म्हणून आवाज थोडा खाली ठेवावा.

आता माफीकडे वळू. “माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो,” हे वाक्य ज्याने पहिल्यांदा रचले, त्याला मराठी व्याकरणाच्या शिक्षकांनी वंदन केले पाहिजे. ‘दुखावल्या गेल्या’ ह्या कर्मणी प्रयोगात दुखावणारा माणूस दिसतच नाही. पागोळ्यांतून पाणी गळावे तशा भावना आपोआप दुखावल्या जातात. ‘असतील’ ह्या शब्दाने त्या दुखावल्या की नाही ह्याविषयीच संशय उभा केला. ‘कोणाच्या’ म्हटल्यामुळे दुखावलेला माणूसही नाहीसा झाला. ‘तर’ ह्या एका अक्षर-जोडीने दिलगिरी सशर्त झाली, म्हणजे सरकारी अनुदानाप्रमाणे कागदपत्रे पुरी केल्याशिवाय ती हाती पडायची नाही. आणि दिलगिरी म्हणजे तरी काय? हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तिथे दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. पुढारी एवढेच कळवतो आहे की त्याला उदास वाटते. चित्रफीत साऱ्या मोबाईलांवर फिरून आल्यानंतर उदास कोणाला वाटणार नाही? माझा अपराध झाला, मला क्षमा करा, असे सहा शब्दांचे एक वाक्य मराठीत उपलब्ध आहे, परंतु त्यात ‘माझा’ हा शब्द अगदी सुरुवातीलाच येतो, आणि तो पुढाऱ्यांच्या भाषणात कामांच्या यादीपुरता राखून ठेवलेला असतो.

हे वाक्य आपल्या नेत्याने उच्चारले, तर ते मनाच्या मोठेपणाचे उदाहरण समजावे आणि विषय संपला असे सर्वांना कळवावे. विरोधकाने उच्चारले, तर ही माफी नव्हेच, ही जखमेवर मिठाची चिमूट आहे, असे म्हणावे. दोन्ही प्रतिक्रिया आधीच टंकून ठेवल्या तर वेळ वाचतो. आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने घाईत दोन्ही एकाच गटावर पाठवल्या, आणि कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.

माफी कुठे मागितली जावी, हा प्रश्न मात्र कोणाला विचारू देऊ नये. तो जून २०२५ मध्ये बांबोळीला विचारला गेला. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात एका वरिष्ठ डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतले आणि जागच्या जागी निलंबनाचे फर्मान काढले. डॉक्टर रस्त्यावर येण्याच्या बेतात आले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले, आणि मंत्र्यांनी माध्यमांतून माफी मागितली. एरवी इथे पडदा पडतो. पण तो डॉक्टर म्हणाला की ही स्टुडिओतली माफी झाली. अपमान कॅज्युअल्टीत झाला, तर माफीही त्याच कॅज्युअल्टीत यायला हवी. किती अव्यवहार्य मागणी! प्रत्येक बोलणारा आपण जिथे बोललो त्या जागी परत जाऊ लागला, तर मंत्र्यांच्या गाड्यांना पेट्रोल पुरायचे नाही, आणि विधानसभेत बोललेल्यांना तर अधिवेशनाची वाट पाहावी लागेल. तरीही कार्यकर्त्याच्या दृष्टीने ह्या प्रकरणातला खरा गोंधळ निराळा होता. झापणारा आणि निलंबन रोखणारा, दोघांच्याही गळ्यात एकाच रंगाचे उपरणे होते. आपण संतापायचे की अभिनंदन करायचे, हे उपरण्यावरून ठरेना, आणि मग काही बिचाऱ्यांना चित्रफीत आवाजासकट पाहावी लागली.

आणि उपरण्याचे तरी काय सांगावे? हेच राणे २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपची वाट धरली, आणि त्यांत विरोधी पक्षनेताही होता. दोन-चार दिवसांत तो उपमुख्यमंत्री झाला. त्याने सरकारवर आदल्या अधिवेशनात केलेली टीका त्या दिवशी नेमकी कोणाच्या मालकीची होती, हे अद्याप ठरलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ दिली. सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरापैकी आठ जण भाजपमध्ये गेले. त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी तेव्हा सांगितले की त्यांनी देवाला पुन्हा विचारले आणि देवाने तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हटले. आमच्याकडे देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. तुला हवे ते कर, असे सांगणारी पाकळी आमच्या गावच्या भटाने अजून पाहिलेली नाही, पण त्याचे देऊळ लहान आहे.

ह्यातून संतापणाऱ्याने एक व्यावहारिक गोष्ट उचलावी. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर त्याला विलीनीकरण म्हणतात आणि कोणाचीही आमदारकी जात नाही. त्याच न्यायाने आपला संतापही दोन तृतीयांशच बाहेर काढावा. उरलेला एक तृतीयांश शिल्लक ठेवावा, म्हणजे ज्याच्यावर काढला तो उद्या आपल्या पक्षात आला तर त्याच्या स्वागताला चेहऱ्यावर थोडी जागा राहते. आणि जे लिहायचे ते पेन्सिलीने लिहावे.

प्रस्तुत लेखकाने हा नियम एकदा मोडला. काही वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या अशाच एका वक्तव्यावर त्याने दैनिकाला पत्र लिहिले, नावासकट, आणि त्यात ‘निर्लज्ज’ हे विशेषण दोनदा वापरले. चौदा महिन्यांनी तालुक्यातील एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात व्यासपीठावर त्याच पुढाऱ्याच्या शेजारी त्याची खुर्ची आली. मधल्या काळात पुढाऱ्याने पक्ष बदलला होता आणि आमच्या अध्यक्षांनीही त्याच्याविषयीचे मत बदलले होते, कारण वाचनालयाच्या छपराची कौले बदलायची होती. शाल घालताना तो पुढारी कानाशी वाकून हसत म्हणाला, “तुमचें पत्र हांवें वाचिल्लें. मराठी बरी बरयतात तुमी.” (मराठी चांगली लिहिता तुम्ही.) नारळ हातात होता, त्यामुळे नमस्कारही धड करता आला नाही. छप्पर मात्र त्या पावसात गळले नाही.

राहिला पुतळ्याचा प्रश्न. पुतळा करण्यात गोमंतकीय तरुणांचा हात धरणारा कोणी नाही. दिवाळीत नरकासुर उभारण्यासाठी वाड्यावाड्यावरची मुले रात्री जागवतात, आणि बांबू, गवत, रद्दी ह्यांतून दोन पुरुष उंचीचा राक्षस उभा करतात. हेच कौशल्य निषेधाला वापरताना एक पथ्य पाळावे. जाळायचे ते धड. धडाला गवत लागते आणि गवताला तोटा नाही. मुखवटा मात्र आधी हळूच उतरवून घ्यावा, कारण नाक आणि मिशी साधायला दोन रात्री जातात, आणि हा माणूस इकडे आला तरी पुन्हा तिकडे जाणार नाही, अशी हमी कोणी दिलेली नाही. मुखवट्याच्या आतल्या बाजूला चालू पक्षाचे नाव लिहावे, आणि जूनपूर्वी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकावा. पावसाळ्यात कागदी तोंडाला बुरशी येते. माळ्यावर जागा नसेल, तर वाड्यावरच्या नरकासुर स्पर्धेची बक्षिसे ज्याच्या देणगीतून येतात, त्याच्याकडे ठेवायला द्यावा. त्याच्या घरी जागा ऐसपैस असते, आणि स्वतःचे तोंड असल्यामुळे तो ते जपून ठेवील.